'खोप' म्हणजे 'होय' नव्हे

नव्हे, नव्हे, 'खोप' म्हणजे 'होय' नव्हे! उझबेक शब्दकोशात 'बरं, ठीक, मान्य' असे अर्थ दिलेत, मी नाकारत नाही. पण त्या कोशकाराला ताश्कंदमध्ये कधी फोन ठेवावा लागला नसावा! इथं फोन ठेवताना 'खोप', भांडण मिटवताना 'खोप', तुमचं बोलणं ऐकू आलं एवढंच कळवायचं असलं तरी 'खोप, खोप'... आणि नकार द्यायचा असेल तर? तेव्हा तर हमखास 'खोप'! तोंडावर 'नाही' म्हणायला आम्ही काय असंस्कृत आहोत?

तुम्हाला सांगतो, माझा धंदा कागदावरचा. एखादं यंत्र घडवण्याआधी माणूस त्याच्याकडे काय मागायला येईल, काय बोलेल, यंत्र काय उत्तर देईल, हे मी पायरीपायरीनं लिहून देतो. याला 'यूज केस' म्हणतात. सगळं सुरळीत घडलं तर ती सरळ वाट. कुणी अडखळला, फिरला, उलटला, तर त्या आडवाटा. शोअझीम-अका, म्हणजे शोअझीमदादा, लग्नाचं सभागृह भाड्यानं देतात; त्यांना फोनवर तारखा देणारं यंत्र हवं होतं. मी लिहिलं: यंत्र तारीख सांगेल, गिऱ्हाईक 'खोप' म्हणेल, तारीख पक्की. आडवाटांचा विषय काढला, तर अका भडकले, "ठरलेलं लग्न मोडायची सोय आधीच करून ठेवता? दोमला, जिभेला काही हाड?" दोमला म्हणजे पंडित, आदरानं म्हणतात की कुचेष्टेनं, हे मी तपासलेलं नाही. आडवाटा गाळल्या. सरळ वाट मात्र निर्दोष होती!

मग माझ्या लेकीचं, झुल्हुमोरचं लग्न ठरलं. व्याह्यांना शरदातला एक ठराविक रविवार हवा, आणि सभागृहही हेच हवं, नाहीतर त्यांच्या नातलगांत नाक कापलं जाणार! आता मी कशाला यंत्राला फोन करू? त्याचा जन्मदाता मी! थेट अकांकडे गेलो, चहा घेतला, म्हटलं, "तो रविवार माझ्या लेकीचा." अका म्हणाले, "खोप, दोमला, खोप!" मी निमंत्रणं वाटून मोकळा.

आणि इकडे पलीकडच्या मोहल्ल्यातल्या रिसोलत-ओपा, म्हणजे रिसोलतताई, यंत्राला फोन करतात... कशाला? भाडं किती, एवढंच विचारायला! यंत्र भाडं सांगतं, नेमका तोच रविवार सुचवतं, बाई म्हणतात, "अगंबाई, एवढं? घरी विचारते हं... खोप, खोप," आणि फोन ठेवतात. झालं! 'अभिनंदन, आपल्या घरचं कार्य नोंदवलं आहे!' ती नोंद खोडायची कशी? ती आडवाट! सरळ वाट मात्र निर्दोष होती!

धावत अकांकडे गेलो. अका म्हणाले, "अहो, यंत्रापुढे मी कोण? यंत्राचा शब्द शेवटचा, हे तुम्हीच शिकवलंत ना? ओपांना विनवा. त्यांनी सोडलं, तर मी यंत्राची तारच उपटतो!"

ओपांनी पुढ्यात नान ठेवला, मनुका ठेवल्या, चहाची पियाली दिली. मी म्हटलं, "ओपा, तुमच्या घरी तर लग्नच नाही!"

"नव्हतं हो, भाऊ! आमचा बोतिर एक मुलगी पसंत करेल तर शपथ! पण ते अभिनंदन आलं ना, मी म्हटलं, ही वरूनच आज्ञा. त्याला सांगितलं, बाबा रे, जागा मिळाली, आता मुलगी बघ. बघितलीन् की!"

बघितलीन्! तरी मी बोललो... निमंत्रणं, व्याही, लेकीचे सुजलेले डोळे, सगळं सांगितलं. ओपांनी पदराच्या टोकानं, म्हणजे ओढणीच्या, शब्द अचूक हवा, डोळे पुसले. "मुलीच्या बापाचं दुःख मला कळत नाही का, भाऊ? खोप, खोप..."

मी तरंगत घरी आलो. "महफुझा, सुटलो! ओपा 'खोप' म्हणाल्या!"

गाजरं चिरणारी बायको थांबली. "एकदा, की लागोपाठ?"

"लागोपाठ."

"बसल्या होत्या, की तुम्हाला दारापर्यंत पोचवायला उठल्या होत्या?"

"दाराशीच होतो..."

ती पुन्हा चिरू लागली. "शेजाऱ्यांकडून टेबलं मागून आणा. लग्नाचा पलोव आता गल्लीतच शिजवावा लागेल. आणि हो, गाजरंही आणा."

आता सगळं शहर सांगत सुटलंय की त्या रविवारी एकाच व्यासपीठावर दोन वधू बसल्या होत्या. साफ खोटं! व्यासपीठावर एकच वधू होती, आणि ती रिसोलत-ओपांची सून. दोन बसल्या असत्या, तर माझी मुलगी निदान सभागृहाच्या आत तरी असती!