टाळी वाजवू नका

आजच्या समारंभाचे आदरणीय अध्यक्ष दीनानाथराव, सत्कारमूर्तीही दीनानाथरावच, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेली कार्यकारिणी, आणि पंख्याखाली जागा मिळालेल्या व न मिळालेल्या रोडपालीकर सभासद बंधूभगिनींनो, तुम्हा सर्वांना या वसुंधरेचा नमस्कार.

अकरा वर्षं आपल्या सोसायटीचा गाडा ओढून दीनानाथराव आज निवृत्त होत आहेत. लॉकडाऊनमध्ये लिफ्ट बंद असताना या माणसाने सात जिने चढून माझं रक्तदाबाचं औषध आणून दिलं. ते मी कशी विसरेन? म्हणूनच मघाशी मानपत्र वाचायचं काम आनंदानं घेतलं.

माझी सारी नोकरी विधिमंडळात गेली. सभागृहात जे बोललं जाई ते लघुलिपीत उतरवायचं. आरडाओरड झाली की आम्ही लिहायचो, 'गोंधळ'. त्या गोंधळाची मला कधी भीती वाटली नाही. एका दमात पाच विधेयकं मंजूर व्हायची आणि माझी पेन्सिल रिकामी बसायची, तेव्हा मात्र वाटायची. आणि आपल्याकडे? गेल्या वार्षिक सभेचं इतिवृत्त म्हणतं, 'सविस्तर चर्चेअंती मंजूर.' अहो, सभा नऊ मिनिटांची होती! त्यात नियम झाला, की प्रश्न एकवीस दिवस आधी लेखी द्यायचा, आणि तो प्रश्न आहे की नाही हे अध्यक्ष ठरवणार. ज्यांच्या शेतावर ही इमारत उभी आहे ते जगनशेठ उठले. म्हणाले, "आमी इचारलेलं तुमाला आवडलं नाय, तर तो प्रश्नच नाय का?" दीनानाथराव किती प्रेमानं म्हणाले, "शेठ, वडे गार होतायत." झालं! अख्खी सभा वड्यांकडे. खोटं कशाला बोलू, मीही दोन खाल्ले. चटणी फर्मास होती. जगनशेठ तसेच उभे राहिले, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

हुकूमशहा काय नेहमी मिशा पिळतच येतो? कधी तो आपलं औषध आणून देतो, वडे खाऊ घालतो आणि म्हणतो, 'तुम्ही कशाला त्रास घेता?' रागावू नका हं, दीनानाथराव.

तर मानपत्र. मघाशी वाचताना मी शेवटची ओळ गाळली. ती अशी: 'टाळ्यांच्या गजरात हे सभागृह दीनानाथरावांना आजीव अध्यक्ष घोषित करीत आहे.' अहो, हा निरोप आहे की बारसं? आपले सचिव निनाद लगेच कानाशी आले. "काकू, टाळ्या पडल्या की ठराव पास. वाचून टाका ना!"

घ्या, वाचली. आता कृपा करून कुणी टाळी वाजवू नका. डास मारायचा असेल तरी जरा थांबा. ज्यांना हे हवंय त्यांनी उठून का ते सांगावं, ज्यांना नकोय त्यांनी हात वर करावा. हा माझा हात. एकटीचा असला तरी खाली घेणार नाही.

इतकं ऐकून घेतलंत, आभारी आहे. सत्काराच्या दिवशी जीभ सैल सुटली असेल तर थोरामोठ्यांनी पदरात घ्यावं. आणि... अगंबाई, रमावहिनी! तुम्हीसुद्धा?

निनाद, इतिवृत्तात लिही. दोन विरोध. दुसरा अध्यक्षांच्या घरातून.