नाव मोठ्यानं वाचल्याबद्दल

समारंभाचे अध्यक्ष रेव्हरंड टिलमन, व्यासपीठावरचे आपल्या गावच्या शिक्षण मंडळाचे सदस्य श्री. हॉलिस क्रेन, सत्कारमूर्ती सिस्टर आर्डेल मिम्स, आणि या उकाड्यात पुठ्ठ्याचे पंखे हलवत बसलेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो,

सिस्टर मिम्स आज आपल्या चर्चच्या रविवारच्या शाळेचं काम सोडत आहेत. पत्रिकेत छापलंय, प्रकृतीच्या कारणानं. त्यांची प्रकृती ठणठणीत आहे. या हॉलमधल्या खुर्च्या काल त्यांनी एकटीनं मांडल्या. तेव्हा खरं कारण मी सांगते. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं तरी मी थांबणार नाही.

प्रगतिपुस्तकाचा रविवार आपल्याकडे माझ्या लहानपणापासून आहे. मुलं पुढे येतात, सिस्टर त्यांचं नाव, गल्ली, शाळा आणि गुण मोठ्यानं वाचतात आणि आपण उभं राहून टाळ्या वाजवतो. का? कारण काळ्या मुलांसाठी बाहेर कोणी उभं राहत नाही.

मागच्या महिन्यात नेओमी पेटवे पुढे आली. सिस्टरांनी वाचलं, "कॉटर स्ट्रीटची आपली नेओमी. एलरी हाइट्स हायस्कूल. रसायनशास्त्रात सगळ्या शाळेत पहिली." छत उडेल अशा टाळ्या पडल्या. आपली उपासना इंटरनेटवर दिसते, हे त्या आनंदात कोणाच्या लक्षात राहिलं?

नेओमी कॉटर स्ट्रीटला राहते हे त्या शाळेला ठाऊक नव्हतं. तिथं तिच्या ओढ्यापलीकडे राहणाऱ्या मावशीचा पत्ता दिला होता. मूल जिथं राहतं तिथल्याच शाळेत शिकेल, असा नियम आहे. आणि शाळा चालते तिथल्या घरपट्टीवर. ओढ्यापलीकडे एलरी हाइट्सला गोऱ्यांचे बंगले, म्हणून प्रयोगशाळाही तिकडेच. आपल्या शाळेत प्रयोगशाळेच्या नळाला पाणी नाही आणि रसायनशास्त्राला शिक्षक नाही. मी निवृत्त झाले, ती जागा भरलीच नाही. श्री. क्रेन मान हलवत आहेत. ती ते प्रत्येक बैठकीत हलवतात.

ते चित्रण पलीकडच्या कोणीतरी पाहिलं. मग शाळेचा एक माणूस सकाळीच कॉटर स्ट्रीटवर गाडी लावून बसला. नेओमी दप्तर घेऊन घराबाहेर पडली आणि त्यानं फोटो काढला. वर तिच्या आजीला म्हणाला, "नात हुशार आहे हो तुमची. कुठल्याही शाळेत चमकेल."

आजी म्हणाली, "मग तुमची पाठवा ना आमच्याकडे. तीही चमकेल."

तो काच वर करून निघून गेला.

गेल्या आठवड्यातल्या शुक्रवारी त्या शाळेत सुनावणी झाली. सिस्टर मिम्स स्वतः तिथं गेल्या आणि म्हणाल्या, "चूक माझी आहे. पत्ता मी वाचला. पोरीला शिक्षा कशाला?" त्यांचे फार आभार मानण्यात आले. त्यांचंच बोलणं पुरावा म्हणून धरलं आणि नेओमीचं नाव शाळेतून काढलं.

त्या माझ्याकडे आल्या. "क्लॉडीन, या तोंडानं आता कुणाचं नाव वाचू?"

मी म्हटलं, "आर्डेल, वेड्यासारखं बोलू नकोस. पोरीचं कौतुक करणं हा गुन्हा असेल तर अख्ख्या चर्चला आत टाकावं लागेल."

"टाकतील की. आपल्यासाठी तुरुंग नवे बांधलेत, शाळा नाही."

आम्ही दोघी हसलो. मग त्या रडल्या. राजीनामा मात्र त्यांनी मागे घेतला नाही. आज तुम्ही त्यांना शाल, फुलं आणि घड्याळ देताय. द्या. पण सिस्टरांनी चूक केली असं मनात ठेवून देऊ नका.

उद्यापासून नेओमी आपल्या शाळेत येईल. काल तिनं मला विचारलं, "मिस क्लॉडीन, मी दुसरी आले असते तर राहू दिलं असतं का?"

 मी माळ्यावरून माझी रसायनशास्त्राची जुनी पुस्तकं काढून तिच्या हातात दिली.

मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे आभार. सकाळपासून मासे तळणाऱ्या आणि पीचचे गोड पदार्थ करणाऱ्या भगिनींचेही आभार. बोलताना कोणाचा मान राखायचा राहून गेला असेल तर वय पाहून सोडून द्या. श्री. क्रेन, जेवायला तुमच्या शेजारची खुर्ची मी नेओमीला दिली आहे. तिला तोच प्रश्न तुम्हाला विचारायचा आहे. मी थांबते.