रिकामंच आहे ते

—नाही म्हणजे नाही! तारनाक्यापर्यंत आलास, चहा पी आणि परत जा, ते पिस्तूल मिळायचं नाही. अनिकेत, नामदेवरावांचाच मुलगा ना तू? तुझ्या वडिलांनी आपल्या हातानं तुमच्या आबिड्सच्या बंदुकांच्या दुकानातून दिलेली वस्तू, आणि तू ती उचलून न्यायला येतोस — तेही आज, खंडेनवमीला, पूजेच्या पाटावरून? काही वाटतं का तुला? सुमितनं फोन केला आणि निघालास! त्याला काय होतंय बंगळुरात बसून हुकूम सोडायला — आई, दुकानात जमा कर, आई, कागद मी तयार ठेवलेत. हौ, कागदांना वेळ आहे त्याला! बापाजवळ दोन दिवस बसायला मात्र सुट्टी मिळत नाही. पोटचा पोर आहे म्हणून गप्प बसते, नाहीतर चांगलं खडसावलं असतं. बस तू. बस म्हटलं ना, डोक्यावर उभा राहू नकोस असा.

हे कशासाठी घेतलं होतं ते तरी ठाऊक आहे तुला? तू शाळेत असशील तेव्हा. हे जज्ज होते, अंबरपेठच्या एका जमिनीचा खटला चालू, आणि घरी धमक्या यायला लागल्या. पोलीस म्हणाले, परवाना करून देतो, जवळ काहीतरी ठेवा. पण ह्यांचं मनगट स्कूटरवरून पडून मोडलेलं. दुकानातली सगळी पिस्तुलं हातात घेऊन झाली, एकाचाही वरचा भाग मागे ओढता येईना — आणि तो ओढल्याशिवाय गोळी नळीत जात नाही म्हणे. मी होते बरोबर. एवढे मोठे जज्जसाहेब, रडू यायचं तेवढं बाकी होतं. तेव्हा तुझ्या वडिलांनी आतून हे आणलं, तळहातात मावेल एवढं. कळ दाबली की नळीचं मागचं टोक टपकन वर येतं, डब्याचं झाकण उघडावं तसं. आपल्या हातानं गोळी ठेवायची, नळी खाली दाबायची, झालं — ओढाओढ नाही, काही नाही. आणि धक्का? हे म्हणायचे, कपाटाचं दार लावताना हाताला बसतो ना, तेवढा. मोडक्या मनगटालासुद्धा सोसायचा. कोटाच्या आतल्या खिशात घालून वर्षानुवर्षं कोर्टात गेले, शेजारच्या कारकुनालासुद्धा कधी पत्ता लागला नाही. देवाच्या दयेनं एकदाही चालवावं लागलं नाही.

आणि आता म्हणे काढून घ्या. का? तर बाबांना आठवत नाही. अरे, नसेल आठवत! म्हणून माणसाच्या घरातून एकेक वस्तू उचलत सुटायचं? गाडीची किल्ली नेलीत — बरं म्हटलं. दाराला आतून कुलूप लावायला लावलंत — बरं म्हटलं, तेही केलं. ही एक वस्तू उरलीय जिच्याकडे बघून ते अजून ताठ बसतात. आज सकाळी असतास तर पाहिलं असतंस! अंघोळ करून, सोवळं नेसून स्वतः पाट मांडला, मला हात लावू दिला नाही. हळदकुंकू, झेंडू, आरती — कशात म्हणून चूक नाही. माझं नाव चुकतं, मंत्र चुकत नाही! मग राग येणार नाही तर काय होणार माणसाला?

काय? — छे, रिकामंच आहे ते. मूर्ख समजलास का मला? मुठीतलं गोळ्यांचं मॅगझिन मी कधीच काढून घेतलंय, गोळ्या सुमित मागच्या खेपेला तुमच्याच दुकानात देऊन गेला. रिकामं नसतं तर मी दुपारी अशी — काही नाही. काही नाही म्हटलं ना! उगीच परेशान करू नकोस. — वकिलासारखा बघू नकोस रे, सांगते. जेवायला बोलवायला गेले, तर हे पिस्तूल धरून उभे. कोण बाई तुम्ही? माझ्या घरात कशा शिरलात? इंदू कुठाय? — आता इंदू मीच, पण ते कुणाला सांगणार? लक्ष्मम्मा भांडी घासत होती, ती 'वद्दु अम्मा, वद्दु', नको नको करत जी पळाली ती पळालीच. मी नाही हलले. का हलू? घर माझं, नवरा माझा. तशीच पुढं गेले, नळीवर हात ठेवला, खाली दाबली, म्हटलं, आमटी गार होतेय. आले मुकाट्यानं. दोन वाट्या आमटी प्याले. झालं, संपलं. त्यात एवढं तोंड वाकडं करण्यासारखं काय आहे? आणि हे सुमितला सांगितलंस तर याद राख. मी रडत नाहीये. संताप होतोय माझा.

बरं, तुझी खात्री पटत नाही ना? घे. तुझंच काम ते, उघड. दाब ती कळ. बघ, नीट बघ, आणि मग मला सांग, रिकामं आहे की —

— ती गोळी नाही रे. म्हणजे... गोळीच, पण ती पूजेची. शस्त्र रिकामं पुजायचं नाही, अशी ह्यांच्या घरची रीत. खंडेनवमीला एक आत घालायची, आरती झाली की काढून देवघरात ठेवायची, कुंकवाच्या करंड्याशेजारी. वर्षभर तिथंच असते. बघ ना, कुंकू आहे तिच्यावर. सुमितनं विचारलं होतं, सगळ्या दिल्यास ना? म्हटलं, सगळ्या. देवातली वस्तू रे ती — तिला गोळी कोण म्हणतं? मी रोज फुलं वाहते तिथं. मला कधी वाटलंच नाही ती...

आज घालायचं आठवलं त्यांना. काढायचं —

अनिकेत, बोट त्यांचं चापावरच होतं. मी वरून हात दाबला. हा हात.

थांब, बोलू नकोस. जागे झाले वाटतं. — आले! — कुणी नाही साहेब, मीच आहे. कामाची बाई. — हो, बाईसाहेब बाजारात गेल्यात, येतीलच एवढ्यात. पडून राहा तुम्ही.

बघतोस काय असा? असं म्हटलं की शांत होतात. घे ते. तीपण घे. जा आता — जा म्हटलं ना!