तसबिरीपुढचा दिवा

दिवस कलला होता. राहात्याच्या पतसंस्थेच्या ओट्यावर रोजच्यासारखी सुनेची, वृषालीची, वाट बघता बघता भागिरथीबाईंना पेंग आली. नगरहून आलेल्या दोन कॉम्प्युटरवाल्यांचं बोलणं त्या पेंगेत झिरपत होतं.

“जामखेड, पारनेर, सगळ्या शाखांचा प्रोग्राम रोज दिवेलागणीलाच बंद पडतो.”

“मुख्य मशीन इथंच ना?”

“हो. वृषालीताई म्हणतात, मी हातसुद्धा लावत नाही. साहेब उद्या त्यांनाच कामावरून काढणार.”

“मशीनच्या खोलीत आणखी काय आहे?”

“काही नाही. देवाची तसबीर.”

भागिरथीबाईंचे डोळे उघडले. तसबिरीपुढचा विजेचा दिवा रोज त्याच लावायच्या, तिथल्या बोर्डातली एक वायर उपसून.

“पोरांनो, आज न्हाई बंद पडायचं.”

“कशावरून, आजी?”

“आज मी तेलाची पणती लावनार हाय. आन् साहेबाला सांगा, माझ्या सुनेला बोलायचा हक्क एकट्या माझा!”