नवं मशीन आणि नवरो

...आणि हे टेलिफोनवाले वर तोंड करून सांगतात, नवं मशीन बसलंय! अरे बसलंय तर बसू दे की, पण ते आमच्या काशिनाथच्या छातीवर कशाला? तुम्हाला सांगतो, एक्स्चेंजात जुनं मशीन होतं तेव्हा त्याच्या घरचं नेट रांगत का होईना, पण यायचं. व्हिडिओ लावा, चहा टाका, चहा प्या, कप विसळा, तोवर व्हिडिओ हजर! आता कसं? धाडकन येतं आणि धाडकन जातं. पाहुणा दारात आला, चप्पल काढली आणि परत घालून निघाला, असं!

हा काशिनाथ मूळचा जालन्याकडचा, सुरतेजवळ पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये बॉयलरवर. घर गावाच्या पार शेवटाला. टेलिफोनची तार त्याच्या घरी कशी येते माहितीये? उसातून निघते, कॅनॉल ओलांडते, बाभळीला मिठी मारते, वाटेत प्रत्येक जोडाला चिकटपट्टी, आणि धापा टाकत घरात शिरते. लाइनमन दीपकभाई, बिचारा गोड माणूस, दर खेपेला मान हलवत तेच सांगायचा, “काका, लाइन लांबी छे! जूना मशीन चालता था, नया मशीन दौडता है. इतनी लांबी लाइन पे दौडेगा तो गिरेगा ना? स्पीड ओछी करी दउं? एकदम स्टेबल!”

ओछी म्हणजे कमी. काशिनाथ भडकला ना! “कमी? लोक स्पीड वाढवून घ्यायलेत अन् मी कमी करून घेऊ? नवं मशीन बसलंय म्हंता अन् मला जुनंच द्यायलेत व्हय?” झालं. अडला हरी... पण हा हरी अडायलाच तयार नाही!

आणि अडायची वेळ नेमकी कधी आली? पोरीच्या लग्नाला! मनीषा, साड्यांना टिकल्या लावायचं काम करते, हाताला बिजली आहे पोरीच्या. तिला जालन्याचं स्थळ आलं, महेश नावाचा मुलगा. त्याची आत्या शोभाबाई त्या घरातलं हायकोर्ट. हायकोर्टाने फर्मावलं, आधी व्हिडिओवर पोरगी दाखवा, पसंत पडली तर येऊ. मनीषाला फोटोतला महेश आवडला होता, उगाच लपवायचं कशाला! सकाळपासून आरशासमोर.

आता तुम्ही म्हणाल, मोबाईलवरून दाखवा ना! अहो, दोन्ही बाजूंना मिलचे पत्र्याचे शेड, मध्ये घर. टॉवर मिळतो तो फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीला पाठ लावली तर. शांताबाई, म्हणजे काशिनाथची बायको, कडाडली, “टाकीला टेकवून? लोक म्हंतील, पोरगी दाखवायलेत का टाकी इकायलेत!”

मग काय, घरातच बेत. लाइन पडली तर उचलायला दीपकभाईला दाराआड राउटरपाशी उभा केला. लागला व्हिडिओ! काय चित्र, तुम्हाला सांगतो, शोभाबाईंच्या नथीतला मोती दिसत होता. काशिनाथ मिशीत हसला, नवं मशीन बसलंय! मनीषा पदर सावरत चहाचा ट्रे घेऊन आली, खाली वाकली... आणि तेवढ्यात दीपकभाईचा फोन वाजला. कुणी मित्र असणार, रिकामा आहेस का म्हणून विचारत होता. हा मोठ्ठ्याने, “हा बोल बोल! हुं नवरो छुं!”

आता बघा, गुजरातीत नवरो म्हणजे रिकामा, मोकळा, हाताला काम नसलेला. आणि मराठीत? सांगायला हवं?

शोभाबाई ताडकन, “अगं बया! नवरा? पोरीला नवरा हाय? अन् घरातच हाय?”

काशिनाथ ओरडला, “तो नवरा नाही हो, लाइनमन हाय! नवरो म्हंजे मोकळा! मोकळा!”

आणि नेमकी तेव्हाच लाइन धावली आणि पडली! बोलणं तुकड्यातुकड्यात गेलं. तिकडे काय पोचलं, ते नंतर कळलं. “तो नवरा... ...हाय! ...मोकळा!” मधलं ‘नाही’ गेलं, ‘लाइनमन’ गेला, अख्खी अब्रू गेली. पोचलं ते एवढंच, की नवरा आहे आणि मोकळाही सोडलाय! चित्र गोठलं ते शोभाबाईंनी आ वासलेला असताना.

“कर ओछी!” काशिनाथ किंचाळला, “जेवढी होईल तेवढी ओछी कर!” दीपकभाईने एक फोन लावला, स्पीड उतरवली, हिरवी बत्ती लागली ती लागलीच. पण तिकडून फोन कोण उचलतंय!

मनीषा रडली. मग डोळे पुसले, बायोडाट्यावरचा नंबर घेतला, भरजरी साडीत गच्चीवर चढली, टाकीला पाठ लावली आणि थेट महेशला फोन! “तो नवरा नाही, लाइनमन हाय. खोटं वाटत आसंल तर येऊन बगा.” आणि पोरगा आला हो! बॅग घेऊन आला, लाइनमन पाहिला, मनीषा पाहिली, हायकोर्टाचा निकाल फिरवला. लग्न थाटात झालं.

पण ती बॅग काही परत गेली नाही. सुरतेत काम बघतो म्हणून जावईबापू सासऱ्याकडेच राहिले. आणि नेट तर आता तुटतच नाही! सकाळी क्रिकेट, दुपारी रील, संध्याकाळी पुन्हा क्रिकेट. काशिनाथ बॉयलरवर भाजून घरी येतो, तर हे लोडाला टेकून बसलेले. नवं मशीन बसलंय! परवा काशिनाथने चोरून दीपकभाईला गाठलं, “भाई, स्पीड वाढव ना जरा. मधनं मधनं तुटू दे.” दीपकभाई अभिमानाने म्हणाला, “काका, हवे लाइन नहीं तूटे!” हवे म्हणजे आता.

घरी आला, तर शेजारचे गुजराती काका दारात जावयाला विचारत होते, शुं करो छो? काय करता? जावयाला गुजरातीतलं वाक्य येतं एकच. मान वर न करता म्हणाला, “हुं नवरो छुं!”

काशिनाथने कपाळावर हात मारला आणि आत गेला. पोरगा दोन्ही भाषांत खरं बोलतो!