मक्याच्या ढिगावर सापडलेले अध्यक्ष

शेरीफ कार्यालय, हेमलॉक काउंटी, विस्कॉन्सिन
दि. १८ ऑक्टोबर २०२५, शनिवार, सायंकाळी ७ वाजून १० मिनिटे

मी, एल्डन आर्थर स्कोग्लुंड, वय ६४ वर्षे, धंदा – लाकूड गिरणीतून निवृत्त, राहणार मिल रोड, पाइक बेंड, आज रोजी डेप्युटी केंड्रा बॉमगार्ट यांच्यासमोर हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील पत्त्यावर एकटा राहतो. बायको अकरा वर्षांपूर्वी घटस्फोट घेऊन फ्लॉरिडाला गेली. तिथे तिचे छान चालले आहे. वयाच्या चौदाव्या वर्षापासून मी धनुष्याने हरणाची शिकार करतो. धनुष्य मी स्वतः हिकरीच्या लाकडातून तासतो आणि बाणांना टर्कीची पिसे लावतो. गावातील 'निव्वळ धनुष्य मंडळ' या संस्थेचा मी नऊ वर्षे अध्यक्ष आहे. सभासद पाच. मंडळाची शपथ अशी आहे: कप्पी नाही, चाप नाही, मका नाही, छप्पर नाही. शपथ मीच लिहिली आहे.

इतर शिकाऱ्यांबद्दल मंडळाचे मत काय, असे डेप्युटींनी विचारले, म्हणून सांगतो. बंदूकवाले नोव्हेंबरात नऊ दिवस नारिंगी जाकिटे घालून येतात, त्यांना आम्ही पाहुणे म्हणतो. कप्प्या लावलेल्या धनुष्याने मारणाऱ्याला सायकलवाला म्हणतो. क्रॉसबो म्हणजे आडव्या धनुष्याला बंदुकीचा दस्ता आणि चाप. तो वापरणाऱ्याला आम्ही काही म्हणत नाही, कारण त्याच्याशी बोलत नाही. आणि जो मका टाकून, वर छपराच्या खोलीत शेगडीजवळ बसून हरणाची वाट बघतो, तो आमच्या मते शिकारी नसून खानावळवाला. डेप्युटी बॉमगार्ट स्वतः बंदूकवाल्या आहेत. हा परिच्छेद त्यांनी जरा जोरात टंकला.

मार्सेला वोझ्नी, वय ६१ वर्षे, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त, विधवा, हिला मी तीस वर्षांपासून ओळखतो. गेल्या वर्षी तिच्या उजव्या खांद्याचे ऑपरेशन झाले. तेव्हापासून ती क्रॉसबोने शिकार करते. तिच्या शेताच्या कडेला बारा फुटांवर मचाण आहे. मचाणाला चार भिंती, छप्पर, सरकत्या खिडक्या, शेगडी आणि गालिचा आहे. खाली ती दोन गॅलन मका टाकते. आमच्या काउंटीत तेवढ्याला परवानगी आहे. म्हणजे शपथेतल्या चारांपैकी तीन गोष्टी तिच्याकडे एकाच ठिकाणी आहेत.

यंदा जुलैत एका शुक्रवारी टॅव्हर्नमध्ये तळलेली मासळी खाताना मी सगळ्यांसमोर म्हणालो, "चाप ओढतो तो शिकारी नव्हे, गिऱ्हाईक." मार्सेला शेजारच्या टेबलावर होती. ती म्हणाली, "एल्डन, तुझा खांदा मला उसना दे. मग मी तुझी ती काठी ओढून दाखवते." सगळे हसले. मीही हसलो. घरी गेल्यावर हसू आले नाही. नऊ हंगामांत मी दोन हरणे मारली आहेत आणि ती दर हंगामाला एक मारते, हेही त्या रात्री आठवले.

ऑगस्टमध्ये मी तिच्या घरी माफी मागायला गेलो. तिने कॉफी दिली आणि कोलाच्की, म्हणजे जर्दाळूचा मुरंबा भरलेली पोलिश बिस्किटे, दिल्या. मी सहा खाल्ल्या. माफी सातवीच्या वेळी मागितली. ती म्हणाली, "माफी राहू दे. आधी ये आणि बघ, आम्ही खानावळवाले काय करतो ते."

त्याप्रमाणे २० सप्टेंबरपासून दर शनिवारी दुपारी मी तिच्या मचाणावर जात आलो आहे. आजचा धरून पाच वेळा. ट्रक मी खडीच्या खाणीमागे लावतो आणि उरलेला पाऊण मैल चालत जातो. तोंडाला कोळसा फासतो. हरणांसाठी नाही. शेजारच्या कुंपणापलीकडे डेल रिंटाला याची जमीन आहे आणि डेल हा आमच्या मंडळाचा खजिनदार आहे.

मचाणावर काय करता, असे डेप्युटींनी विचारले. आम्ही बसतो. हळू आवाजात बोलतो. ती मला चिडवते. एकदा तिने विचारले, "तू चाळीस फुटांच्या पुढे मारतच नाहीस, हे धोरण आहे की डोळे?" मी धोरण म्हणालो. गेल्या वर्षी माझा बाण लागलेली एक मादी मी दोन दिवस शोधली आणि ती सापडली नाही. ही गोष्ट मी मंडळात सांगितलेली नाही. मार्सेलाला सांगितली आहे. तेव्हा ती चिडवत नव्हती. तिने शेगडी माझ्याकडे सरकवली.

आजची घटना पुढीलप्रमाणे. दुपारी ३ वाजून ५० मिनिटांनी मी मचाणावर चढलो. ४ वाजून ४० मिनिटांनी सहा टोकांच्या शिंगांचा नर मक्यावर आला. मार्सेलाने क्रॉसबो माझ्या हातात दिला आणि कानात म्हणाली, "आज तू." मी म्हणालो, "मी शपथ घेतली आहे." ती म्हणाली, "लिहिलीस पण तूच ना? मग खोडरबर तुझ्याकडेच असेल."

मी क्रॉसबो खिडकीबाहेर धरला. नेम घेतला. नेम उत्तम होता, हे नमूद करावे. परंतु पन्नास वर्षे माझ्या हाताला एकच गोष्ट ठाऊक आहे. नेम लागला की बोटे उघडायची, म्हणजे दोरी सुटते आणि बाण जातो. मी नेम लागल्याबरोबर बोटे उघडली. दोन्ही हातांची.

क्रॉसबो खाली मक्यावर पडला. पडताना चाप दाबला जाऊन बाण मचाणाच्या मागच्या डाव्या खांबात घुसला. त्याचा फोटो डेप्युटींनी काढला आहे. नर दोन पावले मागे सरला, क्रॉसबोचा वास घेतला आणि पुन्हा मका खाऊ लागला.

यानंतर मार्सेला किंचाळली. ते किंचाळणे नव्हते, हसणे होते, पण ज्याने तिला हसताना ऐकले नाही त्याला फरक कळणार नाही. ती गालिच्यावर बसून पाय आपटत होती. मचाण हलत होते. मी "अगं हळू" म्हणत होतो आणि मलाही हसू आवरत नव्हते. माझ्या बुटात कॉफी सांडली होती. क्रॉसबो आणायला मी शिडीवरून उतरू लागलो आणि शेवटच्या चार पायऱ्या सोडून एकदम मक्यावर आलो. तेव्हा मात्र नर पळाला.

डेल रिंटाला त्या वेळी कुंपणापलीकडे स्वतःच्या झाडावर बसला होता. त्याने बाईच्या किंकाळ्या ऐकल्या, मचाण हलताना पाहिले आणि काळ्या तोंडाचा पुरुष पडताना पाहिला. त्याने ताबडतोब शेरीफ कार्यालयाला फोन केला आणि धनुष्य घेऊन कुंपण ओलांडून आला. त्याने हे चांगल्या मनाने केले आणि माझी त्याच्याविरुद्ध तक्रार नाही.

डेलने बाण लावून धनुष्य ताणले आणि बाण माझ्या बुटांकडे रोखून म्हणाला, "तोंड खाली. हललास तर सोडीन." मी त्याला आवाजावरून ओळखले, म्हणून तोंड आनंदाने खाली घातले. परंतु लाकडी धनुष्य ताणून फार वेळ धरता येत नाही. साधारण अर्ध्या मिनिटाने डेलचे हात थरथरू लागले. तो म्हणाला, "असाच पडून राहा. मी जरा हात मोकळे करतो." असे त्याने पाच वेळा केले. मार्सेला वरच्या खिडकीतून त्याला काही सांगू पाहत होती, पण "डेल" एवढे म्हटले की तिला पुन्हा हसू फुटत होते. डेल तिला म्हणाला, "घाबरू नका, मार्सेला. रडून घ्या."

५ वाजून १० मिनिटांनी डेप्युटी बॉमगार्ट आल्या आणि त्यांनी मला उताणे व्हायला सांगितले. डेलने माझे तोंड पाहिले. तो म्हणाला, "अध्यक्ष?" माझ्या कपाळाला आणि दाढीला मक्याचे दाणे चिकटले होते.

इथे क्रॉसबो कसा, आपण इथे कसे, असे डेप्युटींनी विचारले. त्यावर मी म्हणालो, "मक्याचं माप बरोबर आहे का, ते तपासायला आलो होतो. मंडळातर्फे. या बाईंनी बोलावलं नव्हतं."

हे विधान खोटे आहे. ताकाला जाऊन भांडे लपवायची पाच आठवड्यांची सवय होती, ती तोंडातून बाहेर पडली. ते मी बोललो तेव्हा मार्सेला खिडकीतच होती. तिचे हसणे थांबले. डेल होता, डेप्युटी होत्या, पण मला तेवढेच ऐकू आले.

ती शिडीवरून खाली आली. माझ्याकडे न बघता डेप्युटींना म्हणाली, "केंड्रा, याला कचेरीत ने आणि जबाब घे. म्हणाला की मी पाहुणा होतो, तर पाहुणा. म्हणाला की बोलावलं नव्हतं, तर मग न बोलावता माझ्या मचाणावर चढला. त्याची फिर्याद मी लिहून देते."

डेप्युटी म्हणाल्या, "मिस्टर स्कोग्लुंड, गाडीत मागे बसा." मी बसलो. मार्सेला स्वतःच्या गाडीने आली. डेलने मंडळाच्या इतर तिघांना फोन केले, म्हणून तेही आले. ते सगळे सध्या बाहेर बाकावर बसले आहेत. मार्सेला बाकाच्या दुसऱ्या टोकाला आहे.

येथे आल्यावर माझे खिसे तपासण्यात आले. चाकू, दोरी, अर्धी कोलाच्की आणि शिकारीचा परवाना मिळाला. परवान्यावर धनुष्याखेरीज क्रॉसबोही छापलेला आहे आणि तारीख २० सप्टेंबर आहे. हे कसे, असे विचारले. तो मी शेजारच्या काउंटीतील दुकानातून घेतला. त्या वेळी टोपी खाली ओढली होती आणि काउंटरवरच्या माणसाला मी म्हणालो की भावासाठी चौकशी करतो आहे. तो म्हणाला, "साहेब, नाव तुमचंच टाकावं लागतं." मला भाऊ नाही.

पहिल्या दिवशीच परवाना घेतलात, म्हणजे मारायचा विचार आधीपासून होता का, असे डेप्युटींनी विचारले. मारायचा विचार नव्हता. तिने कधी हातात दिला, तर नाही म्हणावे लागू नये, एवढाच विचार होता.

तरी मी आता कोणाच्याही दबावाशिवाय सांगतो की, मार्सेला वोझ्नी हिने मला पाचही वेळा बोलावले होते आणि मी पाचही वेळा ठरल्या वेळेआधी पोहोचलो. मका पाहायला गेलो नव्हतो. त्या मचाणावर ऊब आहे, तिथे पाय गारठत नाहीत, आणि मला तिथे बसायला जगातल्या कुठल्याही झाडापेक्षा जास्त आवडते. हे शेगडीमुळे नाही. नऊ वर्षे मी नाकाने कांदे सोलले. ज्यांना सायकलवाले, गिऱ्हाईक आणि खानावळवाले म्हणालो, त्यांची माफी मागतो. पाहुण्यांचीही मागतो, कारण डेप्युटी समोर बसल्या आहेत. मंडळाने अध्यक्षपदाचे काय करायचे ते करावे.

जबाब वाचून दाखवण्यापूर्वी डेप्युटींनी विचारले, "दार लावू का? बाहेर सगळं ऐकू जातं." मी म्हणालो, नको, उघडेच ठेवा, आणि जरा मोठ्याने वाचा.

वाचन चालू असताना डेल रिंटाला याने दारातून डोके आत घालून विचारले, "त्या खोलीत खरंच गालिचा आहे?" मी हो म्हणालो. कुठल्या रंगाचा, असे त्याने विचारले. हिरव्या. त्याने मान हलवली आणि तो परत बाकावर जाऊन बसला.

वरीलप्रमाणे माझा जबाब असून तो मला संगणकावरून वाचून दाखवण्यात आला. त्यानंतर मार्सेला वोझ्नी हिने बाहेरून सांगितल्यावरून, बोटे उघडल्यापासून पुढचा भाग पुन्हा एकदा वाचण्यात आला. तो मध्येच थांबवावा लागला, कारण तिच्या हसण्याने डेप्युटींचा आवाज ऐकू येत नव्हता, आणि नंतर डेप्युटींनाही वाचता येईना. मार्सेला हिची फिर्याद नाही. जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, त्यातला शब्दही मागे घ्यायचा नाही, आणि ती मला घरी सोडणार असल्याने सही घाईत केली आहे.

(सही) एल्डन आ. स्कोग्लुंड
समक्ष: डेप्युटी के. बॉमगार्ट