कानाने लावलेलं टायमिंग

हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लागायची वाट बघत होतो. शेजारी पायाला प्लास्टर घातलेले एक गृहस्थ होते. त्यांना पलीकडच्या आजोबांनी विचारलं,

“पडलात?”

“नाही हो, किक उलटी बसली. जुनी एका सिलिंडरची मोटरसायकल आहे.”

“ठिणगी वेळेआधी पडली, म्हणजे टायमिंग पुढे गेलं असेल.”

“मीच नेलं. एका किकमध्ये सुरू व्हावी म्हणून कानाने लावलं.”

“कानाने?”

“नुसतं इंजिन ऐकून टायमिंग लावतो, अशी गल्लीभर फुशारकी मारली होती. सगळे बघायला जमले. लोक हात दाखवून अवलक्षण करतात, मी पाय दाखवला.”

“गाडीबरोबरचं पुस्तक असेल की घरात.”

“ते वाचायला मी काय नवशिका आहे? बायकोने वाचलं. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची फट मोजली, टायमिंग खुणेवर आणलं.”

“मग?”

“पहिल्या किकला सुरू! आज तिच्याच मागे बसून आलो.”

“मग तोंड का पडलंय?”

“वाटेत मी मागून सांगत होतो, क्लच सोड, गिअर बदल. चौकात गाडी थांबवून म्हणाली, ‘जरा गप्प बसा हो. मला इंजिन ऐकू येऊ द्या.’”